डॉक्टरच्या घरची वही

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली की हारतुरे होतात, विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात. ते व्हायलाच पाहिजे. आमच्याही घरी झाले. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून त्या घरात काय चालते, हे कुणी लिहीत नाही. म्हणून आम्ही आमच्या घरची वही आज आपल्यापुढे उघडत आहोत.

आमचे घर शिरूर अनंतपाळचे. मामांकडे, म्हणजे आमच्या सासऱ्यांकडे, दीड एकर कोरडवाहू जमीन. बाकीचे दिवस दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला, तूर कापायला. आत्या अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या थोरल्या मुलाने लातूरला खोली करून दोन वर्षे अभ्यास केला. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून साऱ्या महाराष्ट्रातून मुले लातूरला येतात. आमच्यासाठी ते एस.टी.च्या एका तिकिटाच्या अंतरावर होते, तरी खोली, खानावळ आणि शिकवणी यांच्या खर्चाने घर वाकले. पतसंस्थेचे कर्ज काढले, आत्यांचे चार मणी गहाण पडले. मुलगा एम.बी.बी.एस. झाला आणि २०२२ च्या अखेरीस एम.डी.साठी एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाला. तेव्हा आमचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती आणि लेकरू सात महिन्यांचे होते.

निवासी म्हणजे काय?

एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष आंतरवासिता. पुढे तज्ज्ञ व्हायचे तर देशभराची परीक्षा देऊन आणखी तीन वर्षे. या तीन वर्षांत तो एकाच वेळी विद्यार्थी असतो आणि रुग्णालयाचा राबता हातही असतो. वॉर्ड, अपघात विभाग, बाह्यरुग्ण विभाग, रात्रपाळी, सगळे त्याच्याच खांद्यावर. या कामाबद्दल मिळते त्याला विद्यावेतन म्हणतात. शब्दातच विद्या आधी आहे आणि वेतन नंतर. आमच्या घरी मात्र फक्त वेतन ऐकू आले.

या पद्धतीचा इतिहास पाहिला की पुष्कळ उलगडते. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ च्या सुमारास ती नीट बसवली गेली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत, म्हणून ते ‘निवासी’. त्यांनी लग्न करणे त्या काळी पसंत केले जात नसे. खाणे, राहणे, काम, अभ्यास सारे एकाच छपराखाली. म्हणजे ही सारी घडी एकट्या माणसाच्या मापाने शिवलेली. आपल्याकडे तोच अंगरखा सात-आठ माणसांचे कुटुंब घालू पाहते, तेव्हा तो काखेत उसवतोच.

हातात किती, खर्च किती

पहिल्या वर्षी आमच्या हातात महिन्याला ६८ हजारांच्या आसपास येत. शेतमजुरी करणाऱ्या घराला हा आकडा डोंगराएवढा वाटतो. आम्हालाही वाटला. आम्ही गरिबीचे रडगाणे गात नाही, हे आधीच सांगतो. पण डोंगर दुरून साजरे म्हणतात, तशी गत झाली. डॉक्टरला वसतिगृहात खाट मिळाली, तिथे बायको-लेकराला जागा नाही. म्हणून रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. त्या दिवसांतले वहीचे एक पान असे आहे :

खोलीभाडे व वीज १२ हजार. किराणा, दूध, गॅस, भाजी ११ हजार. लेकराचे औषधपाणी व किरकोळ साडेतीन हजार. लसी सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या म्हणून एवढ्यावर भागले. डॉक्टरची मेस साडेचार हजार, कारण ताटावर बसायला घरी येणे होतच नसे. पुस्तके, परीक्षा, प्रबंधाचा खर्च ४ हजार. येणे-जाणे २ हजार. पतसंस्थेचा हप्ता १३ हजार. शिरूरला मामा-आत्यांना १० हजार. धाकट्या भाऊजींची लातूरची खोली आणि शिकवणी ६ हजार. एकूण ६६ हजार. उरले दोन हजार.

त्या दोन हजारांत लग्नाचा आहेर, आजारपण, पाहुणा, वर्षावासातले दान, १४ एप्रिलची वर्गणी. वर्गणी मागायला आलेला भाऊ हसत म्हणे, “वहिनी, डॉक्टरच्या घरून पाचशे घ्यायचे का आम्ही?” त्याचेही चुकत नव्हते. त्याला वहीचे पान कुणी दाखवले होते?

शिवाय पहिले दोन महिने विद्यावेतन आलेच नाही. कागद पुढे सरकले नव्हते, एवढेच उत्तर मिळे. गल्लीतल्या किराणा दुकानदाराने उधारी दिली. त्याला आम्ही “आज येतील, उद्या येतील” सांगत राहिलो. डॉक्टरच्या बायकोला उधारीच्या वहीवर सही करताना जी लाज वाटते, ती आम्ही भोगली आहे.

वेळेचा हिशोब

पैशाची तूट वहीत लिहिता येते, वेळेची येत नाही. डॉक्टर सकाळी सातला जात तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. सलग ३६ तास झाले तरी कुणी नवल करत नसे. घरी आले की बूट काढतानाच झोप लागे. लेकरू बापाला ओळखेना, जवळ घेतले की रडे.

केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी काढलेल्या निर्देशांत एरवी दिवसाला १२ तासांहून जास्त सलग काम नको आणि आठवड्याला ४८ तास, असे म्हटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम काढले. त्यांत कामाच्या निकडीप्रमाणे आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा, नियमानुसार प्रसूतिरजा, आणि विश्रांतीला पुरेसा वेळ, असे लिहिले आहे. कागद चांगला आहे. तो वॉर्डापर्यंत पोहोचायचा आहे. निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना वसतिगृह, वेळेवर विद्यावेतन आणि त्यात वाढ यासाठी संपावर गेली, ती २०२४ च्या फेब्रुवारीत. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने दरमहा १० हजारांची वाढ मंजूर केली. संपाच्या बातम्या वाचून पुष्कळ लोक म्हणाले, “डॉक्टरांना काय कमी आहे?” आम्ही गप्प राहिलो. ती वाढ आली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा महिनाअखेरीला दूध बंद झाले नाही.

मामांचा स्लॅब

पण खरी अडचण शहरात नव्हती, घरात होती, हे आम्हाला उशिरा कळले. २०२३ च्या उन्हाळ्यात शिरूरला गेलो तर दारात वाळू पडलेली. मामांनी पत्रे काढून स्लॅब टाकायचे ठरवले होते आणि एका सावकाराकडे अडीच लाखांचा शब्द टाकला होता. तारण काय? “लेकरू डॉक्टर झालंय,” हे तारण. मामा म्हणाले, “मोठ्या लोकांच्या दारात जन्म गेला माझा. आता माझ्या दारात डॉक्टर उभा राहणार, अन् घराला पत्रे?”

या बोलण्याला काय उत्तर द्यावे? त्यात लोभ नव्हता. साऱ्या आयुष्याचा सल होता. डॉक्टर तर बापापुढे बोलेनात. रात्री आम्ही वही मामांच्या पुढ्यात ठेवली. मामा चौथी शिकलेले. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचला. ‘शिरूर १० हजार’ या ओळीवर थांबले. मग खालचे ‘उरले २ हजार’ वाचले आणि वही मिटली. बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी आत्या म्हणाल्या, “आवं, त्यो अजून शाळंतच हाय की!”

एवढे एक वाक्य साऱ्या घराला पुरले. सकाळी मामा स्वतः सावकाराकडे जाऊन शब्द मागे घेऊन आले. वाळू शेजाऱ्याने घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरी एक रीत पडली : दर महिन्याला हिशोब फोनवरून मामांना वाचून दाखवायचा. ज्या महिन्यात पैसे उशिरा आले त्या महिन्यात मामांनीच “आमचे राहू द्या” म्हटले.

ज्यांच्या घरी पाळी येणार आहे त्यांना

आपल्या घरांतून आता अशी मुले-मुली पुढे येत आहेत. लातूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे, नांदेडचे १९८८ चे. मागच्या पिढीला एवढ्या जवळ दार नव्हते. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली : ही तीन वर्षे कमाईची धरू नका, शिक्षणाची शेवटची तीन वर्षे धरा. या काळात ‘डॉक्टर’ या नावावर नवे कर्ज काढू नका. स्लॅब, गाडी, मोठे लग्न, सारे थांबू द्या.

दुसरी : पहिले दोन-तीन महिने विद्यावेतन येणारच नाही, असे समजून तेवढ्या खर्चाची तजवीज आधी करा. शैक्षणिक कर्ज असेल तर पुढील शिक्षणाचा दाखला जोडून हप्ता पुढे ढकलता येतो का, हे बँकेला लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

तिसरी : शिष्यवृत्तीचा किंवा फ्रीशिपचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. विद्यावेतनातून आयकर कापला जात असेल तर विवरणपत्र भरा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर लागत नाही; कापलेला परत मागता येतो.

चौथी : सरकारी महाविद्यालयात शिकल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करण्याचे बंधपत्र असते. ती सेवा नाकारली तर पदव्युत्तरसाठी ५० लाखांचा दंड आहे. म्हणून तीन वर्षांपुढचे ते चौथे वर्षही हिशोबात आधीच धरा.

आणि सुनांना, मुलींना एक सांगणे. वही लपवू नका. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही सहा महिने लपवली, त्यातच वाळू दारात येऊन पडली.

१९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर शिकायला अमेरिकेला गेले, तेव्हा इकडे मुंबईत संसार रमाईंनी ओढला. त्या हालअपेष्टा आपण जयंतीला आठवतो, त्यावर गाणी म्हणतो. शिकणाऱ्याच्या घराला किती सोसावे लागते, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार? मग शेजारच्या घरातल्या शिकणाऱ्या डॉक्टरकडे वर्गणी मागताना तेवढे ध्यानात ठेवू या.

डॉक्टरांचे एम.डी. २०२५ च्या अखेरीस झाले. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता त्याआधीच फिटला आणि आत्यांचे चार मणी घरी आले. स्लॅब अजून झालेला नाही. परवा पावसात मामांनी पत्र्याखालची बादली सरकवली आणि धाकट्या भाऊजींना विचारले, “तुझ्या परीक्षेला किती महिने राहिले रं?” भाऊजींच्या खर्चाचे पान आता वहीत मामा स्वतःच्या हाताने लिहितात.