प्रत्येक घरघर कफाची नसते

थंडीच्या दिवसांत बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात तान्ह्या बाळाच्या गळ्यातून घरघर ऐकू आली, की घरातली आजी म्हणते, ‘छाती भरलीय.’ बहुतेक वेळा ती बरोबरच असते. चुलीचा आणि वीटभट्टीचा धूर, उसाच्या फडावरची थंडी, त्यात सर्दी. पण एखाद्या बाळाला ना सर्दी असते ना ताप, औषधाच्या बाटल्या संपतात, तरी आवाज थांबत नाही. अशा मोजक्या बाळांमध्ये श्वासाच्या वाटेवर द्रवानं भरलेली पिशवी निघते. तिला सिस्ट म्हणतात. ती कर्करोगाची गाठ नव्हे. धोका तिच्या जागेमुळे असतो.

नवजात बाळाची श्वासाची वाट स्वरयंत्राच्या लगेच खाली जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर रुंद असते. ४ मिलिमीटरच्या वाटेला आतून चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर उरतात २. रुंदी निम्मी झाली, पण हवेला होणारा अडथळा गणितानं सोळापट वाढतो. ८ मिलिमीटरच्या वाटेत तेवढीच सूज आली, तर तो तिपटीच्या आसपासच वाढेल. म्हणून अगदी लहान पिशवीसुद्धा बाळाचा जीव कासावीस करते.

काही सिस्ट जन्मतःच जिभेच्या मुळाशी असतात. असं बाळ दूध ओढताना थांबतं, ठसकतं, अंग धरत नाही. दुसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो उपचारांतूनच उद्भवतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवताना घशातून नळी घालतात. त्या नळीनंच त्याचा जीव वाचतो. पण तिच्या घर्षणानं आतलं अस्तर दुखावतं, ते भरून येताना चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं बुजतात आणि स्राव आतच साचू लागतो. बाळ घरी येतं, बाळसं धरतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घरघर सुरू होते. तोवर ‘बाळ काचेच्या पेटीत होतं, नळी घातली होती’ हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. निदानाचा धागा नेमका तिथेच असतो.

आवाज कधी येतो, हेही बघायला हवं. श्वास सोडताना येणारी शिट्टी बहुधा छातीतल्या बारीक नळ्यांची असते. श्वास आत घेताना घुर्र असा आवाज येत असेल, तर अडथळा बहुधा वर, गळ्यात असतो. तान्ह्या बाळांत त्याचं सर्वांत मोठं कारण स्वरयंत्राचा मऊपणा. तो बहुतेकांमध्ये वाढीबरोबर आपोआप बरा होतो. मात्र मऊपणा आणि सिस्ट एकाच बाळात असू शकतात. वजन वाढत नसेल, तर पहिल्या निदानावर थांबू नये.

गळ्यात वाकून पाहायची सोय नव्हती, तेव्हा १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं आरशांच्या मदतीनं स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं. आज नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून काही मिनिटांत जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र दिसतं. त्याखालचा भाग नीट पाहायला मात्र भूल द्यावी लागते. सिस्ट असेल तर भूल देणंच जोखमीचं, कारण अंग सैल पडताच वाट बंद होऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ आधीच ठरवून एकत्र उभे राहतात. सुईनं द्रव ओढला तर सिस्ट पुन्हा भरते. त्यामुळे तिचं छत कापून ती कायमची उघडी करतात किंवा पूर्ण काढतात. तरीही काही परत येतात, म्हणून पुन्हा दुर्बिणीनं पाहणं टाळू नये.

सिरसाळ्याहून परळीमार्गे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं. तिथून गरज पडली तर मोठ्या शहरात पाठवतात. जाताना जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद सोबत घ्या आणि घरघर चालू असताना मोबाइलवर बाळाचा गळा-छाती दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर नेमका आवाज थांबलेला असतो. पण बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, दूध सुटलं असेल, तर व्हिडिओच्या नादी न लागता लगेच १०८ ला फोन करा.