आधी यादी, मग डाव

लग्न जुळलं की आपल्याकडे साक्षगंधाआधी दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसतात. मांडव कोणाच्या दारी, पाहुणे किती, जेवणाचा खर्च कोणाकडे, आहेर घ्यायचा की नाही, हे सगळं बोलून कागदावर उतरवतात. ही यादी नीट झाली तर मांडवात रुसवेफुगवे होत नाहीत. नागपूरजवळच्या कन्हानला मी काही वर्षांपासून मित्रमंडळी जमवून एक खेळ चालवतो. त्यात नवा माणूस आला की मला ही यादी आठवते. नियम कळले नाहीत म्हणून आमचा डाव क्वचितच मोडला. मोडला तो बहुतेक वेळा मनातल्या अपेक्षा कोणी आधी बोलून न दाखवल्यामुळे.

हा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. चार-पाच जण जमतात. त्यातला एक गेम मास्टर. तो सांगतो, ‘संध्याकाळ झाली आहे, तुम्ही पडक्या गढीच्या दारात उभे आहात, आतून उजेड दिसतोय. काय करता?’ बाकीच्यांकडे एकेक पात्र असतं. आपलं पात्र काय करेल ते प्रत्येकाने सांगायचं. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासा टाकायचा. साहित्य म्हणाल तर कागद, पेन्सिल आणि फासे. खेळ एवढा साधा, पण त्याबद्दलचे गैरसमज भरपूर. नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यातले मुख्य इथे घेतो.

गैरसमज : हा मोबाइलवरच्या गेमसारखाच काहीतरी प्रकार आहे.

वस्तुस्थिती : नातं उलटं आहे. संगणकावरच्या कितीतरी खेळांनी पात्राची पातळी, ताकदीचे आकडे, अनुभवाचे गुण या कल्पना याच कागदी खेळातून उचलल्या. त्याची मुळं सैन्याच्या सरावात आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून लढाईचा अभ्यास करत, आणि निकाल एक पंच देत असे. 1969 साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी आपल्या ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एका माणसाची भूमिका दिली. पुढे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या 1000 प्रतींची होती. फरक कळायला एक उदाहरण पुरेल. मोबाइलवरच्या गेममध्ये बनवणाऱ्याने जी दारं ठेवली तेवढीच उघडतात. इथे गढीचं दार उघडत नसेल तर तुम्ही छपराची कौलं काढून उतरू शकता, राखणदाराशी सोयरीक काढू शकता, नाहीतर परत फिरू शकता. गेम मास्टर माणूस असल्यामुळे तो त्यातून पुढची गोष्ट घडवतो.

गैरसमज : जाड इंग्रजी पुस्तकं पाठ असल्याशिवाय बसता येत नाही, आणि साहित्य महाग असतं.

वस्तुस्थिती : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या आजच्या रूपाचा गाभा एका ओळीत मावतो. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवा, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर काम जमलं. समजा भिंत चढायला 15 लागतात आणि तुमच्या पात्राचे चढण्याचे 5 आहेत. म्हणजे फाशावर 10 किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. वीसपैकी अकरा बाजूंनी काम होतं, म्हणजे 55 टक्के संधी. बाकीचे नियम खेळताखेळता कळतात, आणि ते सांगणं हे जुन्या खेळाडूंचं कामच आहे.

याच खेळाच्या मूलभूत नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हा खेळ तर एका पानाचा आहे. वीस बाजूंचा फासा नसेल तर राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या करतो तशा 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका आणि काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाका. संधी तेवढीच राहते. भाषेचंही तसंच. पुस्तक इंग्रजीत असेल, पण टेबलावरचं बोलणं आपलंच असतं. राक्षसाशी मराठीत, वऱ्हाडीत, हिंदीत भांडलं तरी फासा तोच आकडा दाखवतो.

गैरसमज : गेम मास्टरला हरवायचं असतं.

वस्तुस्थिती : ‘व्यापार’ खेळताना शेवटी एकाच्या हातात सगळ्या नोटा येतात आणि बाकीचे दिवाळखोर होतात. इथे तसं होत नाही. खेळाडू एका बाजूचे असतात. गेम मास्टर संकटं उभी करतो, पण ती गोष्ट रंगावी म्हणून. त्याला जिंकायचंच असतं तर एका वाक्यात डोंगर कोसळवून तो डाव संपवू शकला असता. तुमचं पात्र मेलं म्हणजे तुम्ही हरलात असंही नाही. कधीकधी तोच प्रसंग वर्षभर लक्षात राहतो. मात्र पात्रं किती सहज मरतील, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. सहा महिने जपलेलं पात्र एका फाशात जाणं काहींना थरारक वाटतं, काहींना ते सोसत नाही. दोन्ही आवडी योग्यच आहेत, फक्त त्या एका टेबलावर न बोलता एकत्र आल्या की बिनसतं.

गैरसमज : अभिनय यायलाच हवा. यूट्यूबवर दिसतं तसं आवाज बदलून बोलावं लागतं.

वस्तुस्थिती : 2015 पासून गाजलेल्या ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमातले खेळाडू व्यवसायाने आवाजाचे कलाकार आहेत. घरगुती टेबलाची त्यांच्याशी तुलना करणं म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटकडून वानखेडेच्या सामन्याची अपेक्षा करणं. ‘माझा सरदार पहारेकऱ्याला विनवतो आणि आजारी आईचं कारण सांगतो,’ एवढं म्हटलं तरी पुरतं. एकही वाक्य पात्राच्या तोंडून न बोलणारे उत्तम खेळाडू मी पाहिले आहेत.

जे जमायला हवं ते वेगळंच आहे, आणि आपल्या लोककलांना ते चांगलं ठाऊक आहे. कोकणातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कोणतं आणि कोणाकडे कोणतं पात्र, हे आधी ठरतं; बोलणं नट रंगमंचावर उभा राहून रचतो. विदर्भातल्या खडी गंमतीतही हजरजबाबीपणालाच मान असतो. समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकायचं, त्याला धरून पुढे न्यायचं, आणि त्याची वेळ असताना आपण गप्प राहायचं. टेबलावर हेच हवं असतं. ऐकणारा खेळाडू लाजाळू असला तरी डाव सावरतो. न ऐकणारा कितीही चांगला नट असो, डाव बिघडवतो.

गैरसमज : ‘माझं पात्रच तसं आहे’ म्हटलं की काहीही चालतं.

वस्तुस्थिती : पात्र चोर आहे म्हणून सोबत्यांच्याच पिशव्या कापणं, पात्र गर्विष्ठ आहे म्हणून दर वेळी दुसऱ्याचा बेत उधळणं, हे सगळं या एका वाक्याआड लपवलं जातं. पण ते पात्र तुम्हीच घडवलंत आणि त्याचे निर्णयही तुम्हीच घेता. चोराला स्वतःच्या टोळीबद्दल माया असू शकते. पात्रांमधली भांडणं गोष्टीला रंग आणतात, पण ती दोन्ही खेळाडूंना हवी असली तरच. पात्र तयार करताना एवढं ठरवलं तरी बरंच निभावतं : माझं पात्र या मंडळींसोबत का राहील?

गैरसमज : विषयांच्या मर्यादा ठरवणं म्हणजे नाजूकपणा. शेवटी गोष्टच तर आहे.

वस्तुस्थिती : याचं उत्तर मी चूक करून शिकलो. एकदा मी पाणी शिरलेल्या खाणीचा प्रसंग रंगवत होतो. बोगदा खचतोय, दिवे विझताहेत, आत अडकलेल्यांच्या हाका येताहेत. सगळे रंगले होते, एक जण सोडून. तो हळूहळू गप्प झाला आणि पुढच्या रविवारी आलाच नाही. नंतर कळलं, त्याच्या घरचं माणूस खाणीत गेलं होतं. कन्हानच्या आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी आहेत, आणि पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांवर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ चालतं. अशा गावात खाणीचा प्रसंग मांडण्याआधी विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नव्हतं. नदीकाठच्या गावात बुडण्याच्या प्रसंगाचंही हेच.

यासाठी साध्या पद्धती आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी ‘रेषा’ आणि ‘पडदा’ अशी कल्पना मांडली. रेषेपलीकडचा विषय खेळात येतच नाही. पडद्यामागचा विषय घडतो, पण त्याचं वर्णन होत नाही. दुसरी पद्धत जॉन स्टाव्रोपूलोस यांच्या ‘एक्स कार्ड’ची. फुली मारलेलं एक कार्ड टेबलावर ठेवायचं. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. कारण न विचारणं हाच त्यातला खरा आधार आहे, कारण दुखऱ्या गोष्टी चारचौघांत उलगडून सांगायची सक्ती कोणावर होत नाही.

गैरसमज : आलो तर आलो, नाही तर नाही. खेळच तर आहे.

वस्तुस्थिती : एक बैठक साधारण तीन-चार तासांची असते आणि लांबणारी गोष्ट महिनोन्महिने चालते. आमच्याकडे कोणाची पाळी बदलते, कोणी कामठीहून पूल ओलांडून येतो, कोणाला रामटेकची गाडी गाठायची असते. अडचणी येणारच. पण न कळवता गैरहजर राहिलात तर चार जणांचा रविवार वाया जातो. म्हणून किती जण असले तर डाव लावायचा, न आलेल्याचं पात्र कोण सांभाळणार आणि किती वाजता थांबायचं, हे आधी ठरवावं. नव्या माणसाने शक्यतो एकाच बैठकीत संपणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी. पटलं नाही तर कोणाचंही मन न दुखावता बाजूला होता येतं.

गैरसमज : असल्या खेळांनी मुलं बिघडतात, जादूटोण्याच्या नादी लागतात.

वस्तुस्थिती : ही भीती जुनी आहे. 1979 साली अमेरिकेत एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. तो मुलगा मुळात मानसिक त्रासात होता, हे नंतर पुढे आलं. तरी 1983 साली खेळाविरुद्ध संघटनाही उभी राहिली. तिच्या आरोपांतला कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. खेळातली जादू म्हणजे कागदावरचा आकडा. तरीही आईबाबांनी विचारलं तर चिडू नये. त्यांना एकदा शेजारी बसवून डाव दाखवावा. मुलं तीन तास मोबाइल बाजूला ठेवून एकमेकांचं ऐकताहेत, हे पाहिल्यावर फार समजवावं लागत नाही.

आता यादीकडे येतो. पहिल्या डावाआधी फक्त बोलण्यासाठी भरणाऱ्या बैठकीला या खेळात ‘सेशन झिरो’ म्हणतात. 2020 सालच्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या अधिकृत पुस्तकात त्यावर वेगळा भाग आहे. तिथे एवढे प्रश्न कागदावर घ्या :

• गोष्ट कशी हवी : हसरी, भीतीची, लढायांची की राजकारणाची?
• पात्रं मरू शकतात का?
• कोणते विषय रेषेपलीकडे आणि कोणते पडद्यामागे?
• कोणता दिवस, किती तास, किमान किती जण?
• खेळताना मोबाइल, चहा, मधल्या गप्पा यांचं काय?
• काही खटकलं तर कोणाशी आणि केव्हा बोलायचं?

नव्या माणसाने हे प्रश्न विचारायला संकोचू नये, आणि जुन्यांनी ‘तू बस तर खरा, कळेल हळूहळू’ म्हणून ते टाळू नयेत. ज्या टेबलावर या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत, तिथे पात्र घडवायची घाई करू नका. आमच्या टेबलावर आता ही यादी दर नव्या माणसासोबत पुन्हा होते, आणि खाणीबद्दल मी आधी विचारतो.