टिचकी माठाला आणि डोळ्याला

उन्हाळ्याच्या तोंडी बाजारात माठ घेणाऱ्या आजीला तुम्ही पाहिले असेल. ती माठ हातावर तोलते, बोटाने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो!

आता समजा, याच आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला आहे, की बाहुलीत पांढरा खडाच दिसतो. डॉक्टर आत प्रकाश टाकून पाहतात, पण तो त्या पांढऱ्या भिंगापाशीच अडतो. मागचे दृष्टिपटल जागेवर आहे की सुटून आले आहे, हे कळायचे कसे? ते सुटले असेल, तर नुसता मोतीबिंदू काढून आजीला दिसू लागणार नाही. अशा वेळी डॉक्टर आजीचीच युक्ती वापरतात. ते डोळ्याला टिचकी मारतात, पण ती ध्वनीची!

ही युक्ती आधी धातूंसाठी वापरली गेली. ओतीव धातूच्या पोटात पोकळी राहिली, तर ती वरून दिसत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी धातूत ध्वनीचे तुटक ठोके सोडून, आतल्या भेगेवरून परतणारा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र बनवले. त्याचे पेटंट त्यांना १९४२ साली मिळाले. पुढे १९५६ साली मुंड्ट आणि ह्यूज या अमेरिकन डॉक्टरांनी डोळ्यातील गाठ अशाच प्रतिध्वनीवरून ओळखता येते, असे दाखवले. १९५८ साली बॉम आणि ग्रीनवुड यांनी प्रतिध्वनींपासून डोळ्याच्या आतले चित्रच तयार केले.

हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. आपल्या कानांची धाव सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत. डोळ्यासाठी वापरतात तो ध्वनी सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा असतो. एवढा कशाला? कारण कंपने जितकी जास्त, तितकी तरंगलांबी कमी आणि तितका बारीक तपशील हाती येतो. एक कोटी कंपनांना डोळ्यातील तरंगलांबी ०.१५ मिलिमीटर भरते. मग दहा कोटी कंपने का घेऊ नयेत, असे तुम्ही विचाराल. तसा ध्वनी वाटेतच शोषला जातो आणि डोळ्याच्या तळापर्यंत पोचत नाही.

जाड पेन्सिलीएवढ्या शलाकेच्या टोकाशी एक स्फटिक असतो. विजेचा धक्का बसला की तो थरथरतो, आणि प्रतिध्वनी येऊन आदळला की उलट वीज निर्माण करतो. म्हणजे तोंडही तोच आणि कानही तोच! एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना प्रत्येक पृष्ठभागावर ध्वनीचा काही भाग परत फिरतो. शलाका व डोळा यांच्यात हवा राहिली, तर जवळजवळ सगळाच ध्वनी तिथून मागे फिरेल. म्हणून पूर्वी डोळ्यासमोर पाणी ठेवावे लागे. १९७२ साली ब्रॉन्सन यांनी हातात धरून पापणीवर टेकवता येईल असे साधन आणले. आता मिटलेल्या पापणीवर थोडा चिकट लेप लावला की काम भागते. दृष्टिपटल सुटले असेल, तर पडद्यावर नरसाळ्यासारखी रेघ दिसते. तिचे निमुळते टोक दृष्टिचेतेपाशी चिकटलेले असते.

पण मला याहून नवल वाटते ते डोळ्याची लांबी मोजण्याचे. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. नैसर्गिक भिंगाची वक्रता त्यांनी पर्स्पेक्समध्ये उतरवली होती. पर्स्पेक्स प्रकाशाला जास्त वाकवतो, त्यामुळे भिंग भलतेच शक्तिमान झाले आणि रुग्णाला दूरचे धूसर दिसू लागले. भिंग किती शक्तीचे हवे, हे प्रत्येक डोळ्यागणिक ठरवावे लागते. त्यासाठी डोळ्याची लांबी हवी.

ती साधारण २४ मिलिमीटर असते. डोळ्यात ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १,५५० मीटर. जाऊन-येऊन ४८ मिलिमीटरचा प्रवास झाला, म्हणजे दृष्टिपटलावरून प्रतिध्वनी परतायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे ३१ भाग लागतात. गणित करून पाहा! लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीचने चुकतो. शलाका टेकवताना हात जरासा जड पडला, तरी पारपटल दबते आणि डोळा आखूड भरतो. मग भिंग जास्त शक्तीचे बसते, आणि शस्त्रक्रिया निर्वेध होऊनही आजीला लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी काही वाचता येत नाही.

याहून गंमत तेलाची. दृष्टिपटल जागेवर बसवण्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात सिलिकोन तेल भरतात. डोळ्यातल्या द्रवात ध्वनी सेकंदाला १,५३२ मीटर धावतो, पण या तेलात तो सुमारे १,००० मीटरच जातो. त्यामुळे प्रतिध्वनी उशिरा येतो. यंत्राला तेलाची गोष्ट सांगितली नाही, तर ते २४ मिलिमीटरच्या डोळ्याची लांबी ३२-३३ मिलिमीटर सांगून मोकळे होते. यंत्र मोजते फक्त वेळ. अंतर आपण काढायचे असते.

१९९९पासून डोळ्याची लांबी प्रकाशानेच मोजणारी यंत्रे आली. ती अधिक अचूक आहेत आणि डोळ्याला स्पर्शही करत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत आता तीच वापरतात. मात्र आजीच्या त्या पांढऱ्या खड्यापुढे त्यांचाही किरण अडतो. मग डॉक्टर डोळ्यात बधिरतेचे थेंब टाकतात, शलाका हलक्या हाताने पारपटलावर टेकवतात आणि पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिध्वनींच्या उंच रेषा पाहत बसतात.