निळा रंग कुठे उमटला?

यकृताच्या पातळ कापात सोनेरी-तपकिरी कण दिसले, तरी ते लोहाचेच आहेत असं पॅथॉलॉजिस्ट छातीठोकपणे सांगू शकत नाही. पेशी जुन्या होताना साठणारं लिपोफ्युसिनही नेहमीच्या रंगांत बरंचसं तसंच दिसतं. हा संशय फेडायला जर्मनीच्या माक्स पर्ल्स यांची १८६७ सालची पद्धत आजही जगभर वापरतात.

कृती तशी सोपी. यकृताचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा, मेण काढून टाकायचं आणि पोटॅशियम फेरोसायनाइड व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ताज्या मिश्रणात तो ठेवायचा. आम्ल साठ्यातलं लोह प्रथिनांपासून सोडवतं. सुटलेलं लोह फेरोसायनाइडला भेटलं, की जागच्या जागी गडद निळा रंग तयार होतो. हाच तो प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग बनवायला निघालेल्या रंगाऱ्याला तो चुकून सापडला होता. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेतही तोच आहे.

खरी मजा पुढे आहे. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असतं, पण तांबड्या पेशी निळ्या होत नाहीत. त्यांच्यातलं लोह इतकं घट्ट बांधलेलं असतं, की सौम्य आम्लाला ते सुटत नाही. हे बरंच आहे म्हणायचं. नाहीतर जिथे रक्त तिथे निळं, आणि साठा कुठला ते कळलंच नसतं.

निळा रंग किती, यापेक्षा कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात आधी कुप्फर या भक्षक पेशींत साठतं. आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस या लोह साठण्याच्या आजारात मात्र सुरुवात खुद्द यकृतपेशींतून होते. काही आजारांत अस्थिमज्जेतल्या तांबड्या पेशींच्या पूर्वजांमध्ये केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं. तिथे लोह भरपूर असतं, पण पेशीला ते वापरता येत नाही.

अस्थिमज्जेत निळं काहीच नसेल, तर लोहाचा साठा संपलेला. पण हे म्हणायचं, तर लोह असल्याची खात्री असलेला दुसरा काप त्याच वेळी, त्याच मिश्रणात रंगवलेला हवा. तो निळा झाला नसेल, तर अहवालातल्या ‘लोह नाही’ या शब्दांना काहीच किंमत नाही.