गाडीला घासलं, क्लेम टाकायचा काय? आधी हा हिशेब करा

कोल्हापूर : ऊस हंगाम सुरू झाला की करवीर, कागल, राधानगरीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अरुंद रस्ता, भरून बाहेर आलेला ऊस आणि त्यात रात्रीची वेळ. साइड देताना बंपर घासतो, दार चेपतं. घरी आलं की पहिला सल्ला ठरलेला, "विमा भरलाय की, टाक क्लेम!" पण किरकोळ नुकसानीला क्लेम टाकला तर बऱ्याचदा मिळतं त्यापेक्षा जास्त जातं.

आधी पॉलिसी बघा
पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळतच नाही. बऱ्याच जुन्या दुचाकींची पॉलिसी अशीच असते. फुल पॉलिसी असेल तरच पुढचा हिशेब.

बोनस कसा बुडतो?
वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी 'नो क्लेम बोनस' म्हणजे सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या, म्हणजे ओडी प्रीमियमवर असते. थर्ड पार्टीच्या रकमेवर नाही. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. क्लेम दोन हजारांचा असो वा दोन लाखांचा.

उदाहरण बघा
समजा, तुमच्या छोट्या कारचा सूट धरण्याआधीचा ओडी प्रीमियम ८,००० रुपये आहे. ५० टक्के बोनस असल्याने तुम्ही ४,००० भरता. आता बंपर बदलायला ३,०००, रंगकामाला २,००० आणि मजुरी १,५००, असं ६,५०० रुपयांचं बिल झालं.

प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे १,५०० कापले. रंगाच्या मालावरही घसारा लागतो, त्याचे साधारण २५० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीने स्वतः भरायचे १,००० रुपये वेगळे. हातात आले ३,७५०.

आता गेले किती? बोनस परत ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षं लागतात. तोवर दरवर्षी जादा भरावे लागतात ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. बेरीज १०,००० रुपये. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल, पण तोटा तोटाच. पावणेचार हजारांसाठी दहा हजार घालवायचे काय?

सोपा नियम
पूर्ण बोनस असेल तर सूट धरण्याआधीच्या ओडी प्रीमियमची सव्वापट करा. पॉलिसीचं पहिलंच वर्ष असेल तर निम्मा धरा. कंपनीकडून मिळणारी रक्कम त्यापेक्षा कमी भरत असेल, तर गावातल्या डेंटर-पेंटरकडे काम करून घेतलेलं परवडतं. रक्कम बरीच जास्त असेल तर क्लेम बिनधास्त टाका, विमा त्यासाठीच आहे.

हे लक्षात ठेवा
- झिरो डेप असेल तर घसारा कापत नाहीत, पण बोनस जातोच. 'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलंय का, ते पॉलिसीत बघा.
- क्लेम टाकायचा असेल तर कंपनीला लगेच कळवा, फोटो काढा. कंपनीची पाहणी होण्याआधी गाडी दुरुस्त करू नका.
- कंपनी बदलताना जुना क्लेम लपवून बोनस घेऊ नका. उघड झालं तर पुढचा मोठा क्लेम अडकतो.
- मुदत संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो.
- कुणाला इजा झाली असेल तर हा हिशेब करत बसू नका. आधी दवाखाना, मग पोलीस आणि विमा कंपनीला कळवणं.

क्लेम अडवला आणि कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते.