काटकसरीचे मर्म

एकाच आळीत शेजारी शेजारी राहणारी दोन कुटुंबे आहेत, असे समजा. दोन्ही घरांत माणसे सारखी, मिळकतही जवळजवळ सारखीच. तरीही एका घरात महिनाअखेरीस ओढाताण होते, तर दुसऱ्या घरात चार पैसे शिल्लक राहतात. याचे कारण शोधू गेल्यास फार मोठे असे काहीच हाती लागत नाही. पहिल्या घरी चुलीवरच्या पातेल्यावर झाकण नसते, मोरीतला नळ टपटपत असतो आणि जेवणानंतर प्रत्येकाच्या ताटात घास-दोन घास उरलेले असतात. दुसऱ्या घरी या तीन गोष्टी घडत नाहीत, इतकेच. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु थेंबे थेंबे भरलेले तळे रितेही होते, हे मात्र आपण विसरतो.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष मनुष्य पैसा राखण्यासाठी वस्तू वापरण्याचेच टाळतो. काटकसरी मनुष्य वस्तू वापरतो, पण तिचा कणही वाया जाऊ देत नाही. कंजूषाच्या घरी पाहुण्याला अर्धपोटी उठावे लागते; काटकसरी गृहिणी मात्र आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यालाही पोटभर जेवू घालते. हे तिला कसे साधते? आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलांकडे आलेल्या कित्येक लहानसहान युक्त्या तिला ठाऊक असतात. या युक्त्यांना केवळ जुन्या चालीरीती समजणे योग्य नाही. त्यांतील बहुतेकींच्या मागे काहीतरी कारण असते, आणि ते कारण कळले की युक्ती कधी विसरत नाही.

प्रथम चुलीपासून आरंभ करू. सरपण असो, रॉकेल असो की वायूची टाकी असो, स्वयंपाकघरात इंधनाचा खर्च चुकत नाही. तो कमी करण्याचा पहिला उपाय आदल्या रात्रीच करावयाचा असतो. हरभरा, वाटाणा, मटकी यांसारखी कडधान्ये रात्री पाण्यात भिजत घातली की रात्रभरात पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत मुरते. असा फुगलेला दाणा सकाळी लवकर शिजतो. कोरडा दाणा शिजविताना मात्र ते पाणी आत मुरेपर्यंत जाळ जाळावा लागतो. जे काम पाणी रात्री फुकट करते, त्याच्यासाठी दिवसा इंधन का वेचावे? मटकीला मोड आणले तर आणखी एक लाभ होतो. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्व मोड येताना दाण्यात तयार होते.

दुसरा उपाय झाकणाचा. पाणी तापत तापत उकळू लागले की त्याचे उष्णतामान तेथेच थांबते. समुद्रसपाटीजवळच्या गावी ते सुमारे १०० अंश सेल्सिअस असते. मग खाली कितीही मोठा जाळ केला, तरी उघड्या पातेल्यातील पाणी त्याहून अधिक तापत नाही. फक्त त्याची वाफ अधिक वेगाने होते. म्हणून उकळी फुटली की आच मंद करावी. डाळ तितक्याच वेळात शिजते आणि इंधन मात्र वाचते. शिवाय वाफ जाताना रिकाम्या हाताने जात नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास जितकी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता त्या सर्व पाण्याची वाफ करण्यास लागते. उघड्या पातेल्यातून वाफ निघून जाते, तेव्हा तिच्यासोबत आपण विकत घेतलेली उष्णताही निघून जाते. झाकण ठेवणे म्हणजे घरातील धन बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेणेच होय.

महाबळेश्वरास राहणाऱ्या गृहिणीला हीच गोष्ट निराळ्या रीतीने अनुभवास येते. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. कोंडलेल्या वाफेमुळे आतील दाब वाढतो, उष्णतामान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि डाळ लवकर मऊ होते. आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालतात, त्यालाही कारण आहे. आंबट पदार्थ आधीच घातला तर डाळीचा दाणा आकसून राहतो आणि शिजता शिजत नाही.

आता पाण्याकडे वळू. नळ नीट बंद केला नाही आणि सेकंदाला एकच थेंब गळत राहिला, तर कोणाचेही त्याकडे लक्ष जात नाही. परंतु हिशेब करून पाहावा. दिवसाचे सेकंद ८६,४०० होतात. वीस थेंबांचे एक मिलिलिटर पाणी धरले, तर एका दिवसात चार लिटरांहून अधिक आणि तीस दिवसांत सुमारे १३० लिटर पाणी वाहून जाते. म्हणजे जवळजवळ नऊ-दहा घागरी पाणी कोणी न वापरताच गटारात जाते.

पाण्याची किंमत महाराष्ट्राला नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९७२ सालच्या दुष्काळात कित्येक खेड्यांतील स्त्रियांना एकेका घागरीसाठी दूरवर पायपीट करावी लागली. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात तर लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले. अशा वेळी एक पाणी दोनदा वापरण्याची सवय उपयोगी पडते. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी मोरीत न ओतता तुळशीला किंवा परसातील अळूला घालता येते. कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्याने फरशी पुसता येते. तोंड धुताना नळ सोडून ठेवण्याऐवजी तांब्याभर पाणी घेतले तर तेवढे सहज पुरते.

अन्नाच्या बाबतीत तर काटकसरीच्या युक्त्या मोजाव्या तितक्या थोड्याच. दोडक्याची भाजी चिरताना निघालेल्या शिरा फेकून न देता त्या तेलावर परतून, तीळ, मिरची आणि मीठ घालून चटणी करतात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत घातल्या तर तिला पानांइतकाच स्वाद येतो. रात्रीच्या उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा करून त्याला कांद्याची फोडणी दिली की फोडणीची पोळी तयार होते. गूळ आणि तूप घालून वळले की लाडू होतो. आंबट झालेल्या ताकाची कढी होते. भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, चिरल्यावर नव्हे. ‘ब’ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात, त्यामुळे चिरलेली भाजी धुतली की ती पाण्याबरोबर वाहून जातात. भाजी उकडलेले पाणीही याच कारणासाठी फेकू नये. ते आमटीत किंवा कणीक भिजविताना वापरावे.

साठवणीच्या धान्याचीही अशीच काळजी घ्यावी लागते. कीड आणि बुरशी यांना ओलावा प्रिय असतो, म्हणून उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन देऊन ते कोरड्या डब्यांत भरतात. कडधान्याला एरंडेल तेलाचा हात लावण्याची रीत आहे. त्या तेलाचा पातळ थर दाण्यावर बसला की किडीची अंडी त्यावर तग धरीत नाहीत. वर्षभराच्या धान्याचे पोते किडीने पोखरले, तर वर्षभराची कमाई पोखरली गेल्यासारखे होते. ओंजळभर तेलाने ते संकट टळते.

भांड्यांची गोष्टही तशीच. तांब्या-पितळेची भांडी हवेने काळवंडतात. चिंचेचा कोळ किंवा मीठ लावलेली लिंबाची फोड त्यांवर घासली की आंबटपणातील आम्ल तो काळा थर विरघळविते आणि भांडे लखलखू लागते. सरबतासाठी पिळून टाकलेले लिंबाचे साल या कामी चालते. ज्या घरी अजून चूल आहे, तेथे चाळलेली राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी उत्तम निघतात, कारण राखेतील क्षार तेलकटपणा सोडवितात. मात्र जे आम्ल काळा थर काढते, तेच भांड्याचे तांबेही अन्नात उतरविते. म्हणून पितळेच्या भांड्याला आतून कथिलाची कल्हई करतात. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली तर ती कळकते. असे अन्न खाल्ले तर मळमळ आणि ओकाऱ्या सुरू होतात. कल्हईचे पैसे वाचविणे ही काटकसर नव्हे.

काटकसरीची मर्यादा येथेच ध्यानात येते. ज्या भाताला आंबूस वास येतो किंवा ज्या भाजीला तार सुटते, ते अन्न टाकून द्यावे हेच शहाणपण. उकाड्याच्या दिवसांत भात फार वेळ उघड्यावर राहिला, तर वास येण्यापूर्वीही तो अपायकारक होऊ शकतो. पुन्हा पुन्हा तापवून काळे पडलेले तेलही असेच टाकून द्यावे. चार आण्यांचे वाचविण्याच्या नादात औषधाला चार रुपये घालविणे ही उधळपट्टीच होय. खरी काटकसर अन्न उरल्यानंतर नव्हे, तर ते रांधण्यापूर्वी सुरू होते. किती माणसे जेवणार हे विचारून शिजविले, तर शिळे उरण्याचा प्रश्नच फारसा येत नाही.

कापडाचे आयुष्य पाहिले तर काटकसरीचा धडा एका दृष्टिक्षेपात मिळतो. आजीचे नऊवारी लुगडे विरले की ते टाकले जात नाही. त्याचे धड भाग निवडून, घडीवर घडी घालून, बारीक टाके घातले की गोधडी होते. उरलेल्या मऊ तुकड्यांची तान्ह्या बाळासाठी दुपटी होतात. दुपटे फाटले की त्याचे हातपुसणे होते आणि हातपुसणे झिजले की पोतेरे. अंगावरून उतरल्यानंतरही ते लुगडे कित्येक वर्षे घराची सेवा करीत राहते. गोधडी उबदार का असते? तिच्या थराथरांत कोंडलेली हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हीच युक्ती स्वयंपाकातही चालते. भाताला चांगली उकळी आली आणि तो निम्मा शिजला की घट्ट झाकण लावून ते पातेले जाड जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावे. आतल्या आत कोंडलेल्या उष्णतेवर भात पुरा शिजतो, आणि चूल मोकळी होते.

इतक्या सर्व युक्त्यांत एक वस्तू मोजावयाची राहून जाते. ती म्हणजे माणसाचे श्रम. पुष्कळ घरांत काटकसर होते खरी, पण तिचा सारा भार एकटी आई वाहते. पहाटे पाणी तीच भरते, राखेने भांडी तीच घासते, दुपारी डोळे ताणून गोधडीचे टाके तीच घालते. आणि सर्वांना ताजी पोळी वाढून झाल्यावर शिळा तुकडा आपल्या ताटात तीच घेते. कोणी विचारले तर ‘मला तोच आवडतो’ असे म्हणते. ऐकणाऱ्याला ते खरे वाटते, कारण ते खरे मानणे त्याला सोयीचे असते. परंतु ज्या घरात तेल, मीठ आणि पाणी जपले जाते आणि आई मात्र झिजते, त्या घराला काटकसरी कसे म्हणावे? सर्वांत मोलाची वस्तूच तेथे वाया जात असते.

म्हणून घराच्या काटकसरीत घरातील प्रत्येकाचा, मुलग्यांचा आणि मुलींचा सारखाच, वाटा असला पाहिजे. शिळी पोळी असेल तर तिची फोडणीची पोळी करून ती सर्वांनी वाटून खावी. आपल्याला लागेल तेवढेच ताटात वाढून घ्यावे आणि जेवल्यावर आपले ताट आपणच विसळावे. रात्री कडधान्य भिजत घालणे, गळणारा नळ वडीलमाणसांच्या नजरेस आणणे, भाजीचे पाणी झाडांना घालणे ही कामे बारा वर्षांच्या मुलालाही सहज करता येतात. त्यांना पैसा लागत नाही, फारसे बळही लागत नाही. केवळ लक्ष लागते.

लक्ष देणे हेच काटकसरीचे मर्म आहे. ज्याचे पातेल्यावरील झाकणाकडे आणि टपटपणाऱ्या नळाकडे लक्ष जाते, त्याचे एके दिवशी आईच्या ताटाकडेही लक्ष जाते. त्या दिवशी तो तिच्या ताटातील शिळा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतो आणि आपल्या वाटची ताजी पोळी तिला वाढतो. तेव्हा काटकसर तो खऱ्या अर्थाने शिकला, असे समजावे.