अभिकल्पाची साधने आणि तज्ज्ञप्रणाली

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ-दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून झाली आहे. एवढ्या मोठ्या तबकडीवर वाऱ्याचा दाब प्रचंड पडतो. तो पेलावयाचा म्हणजे आधाराचे पोलादही त्याच मानाने वाढते. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचे मूळच काढून टाकले. पोलादी नळ्यांच्या चौकटींमध्ये तारेचे दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसविली. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरांची, तर ग्रहण करावयाच्या लहरी २० सेंटिमीटरांहून अधिक लांबीच्या. त्यामुळे वारा आरपार जातो आणि लहरी मात्र परावर्तित होतात. हेतू खर्च वाचविण्याचा होता. परंतु त्याबरोबर धातूही वाचला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वस्तूचा निसर्गावरील भार पुष्कळसा प्रारंभीच्या निर्णयांनीच ठरतो. जीवनचक्र-मूल्यमापनासारख्या सूक्ष्म साधनास मात्र वजन, धातू, ऊर्जा यांचे आकडे लागतात, आणि ते आराखडा पक्का झाल्यावरच हाती येतात. म्हणजे आकडे मिळेपर्यंत बदलास वाव उरत नाही. प्रारंभी साधी पडताळा-सूचीच उपयोगी पडते. दुरुस्तीचा प्रश्न असेल तेथे सुटे भाग वेगळे करण्याची परीक्षा हवी. साधने अनेक आहेत. कोणते केव्हा वापरावे, हे जाणणारे थोडे.

ही उणीव तज्ज्ञप्रणाली भरून काढू शकते. १९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड येथे सिद्ध झालेली ‘मायसिन’ ही प्रणाली रक्तातील जंतुसंसर्गाविषयी सल्ला देई. भारतात १९८६ साली सुरू झालेल्या ज्ञानाधिष्ठित संगणक-प्रणालींच्या कार्यक्रमात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा सहभाग होता. अशा प्रणालीत तज्ज्ञाचे ज्ञान ‘जर–तर’ नियमांच्या रूपाने साठविलेले असते. ‘जर केवळ कल्पनाच ठरली असेल, आणि वजनाचे आकडे नसतील, तर पडताळा-सूची वापरावी’, हा त्यातलाच एक नियम. प्रणाली अभियंत्यास प्रश्न विचारते, उत्तरांवरून निष्कर्ष काढते आणि तो कोणत्या नियमाने निघाला हेही सांगते. कारण कळल्यामुळे अभियंता तो सल्ला तपासू शकतो व प्रसंगी नाकारूही शकतो. कोष्टकात ही सोय नसते.

तथापि नियम शब्दांत मांडावे लागतात, आणि खरी कसोटी तेथेच आहे. मराठीत ‘टिकाऊ’ म्हणजे दीर्घकाळ न झिजणारे. अभियंत्यास अभिप्रेत असलेला दुसरा अर्थ निराळा आहे: पुढील पिढ्यांच्या वाट्याचे न संपविणारे. जाडजूड पोलादी वस्तू पहिल्या अर्थी टिकाऊ असूनही दुसऱ्या अर्थी उधळी ठरेल. नियमात हे दोन अर्थ एकाच शब्दाखाली आले, तर प्रणाली निर्दोष तर्काने चुकीचा सल्ला देईल. म्हणून नियम रचण्यापूर्वी संज्ञांचे अर्थ निश्चित करणे हे प्रणालीचे पहिले काम होय. खोडदच्या जाळीत हे दोन्ही गुण एकत्र आले आहेत. सर्वत्र ते तसे येतीलच, असे मात्र समजू नये.